स्पर्धेआधीचे गवत : प्रस्तावना

खराडीहून नगर रस्त्याने पुण्याकडे निघाले, रामवाडी ओलांडली आणि शास्त्रीनगरच्या चौकातून उजवीकडे वळले की गोल्फ क्लब चौक येतो. या चौकाचे नाव रोज हजारो लोकांच्या तोंडी असते. रिक्षावाले, बसचे वाहक, खराडीच्या आयटी कंपन्यांत कामाला जाणारी मुलेमुली, सगळेच ते घेतात. भिंतीपलीकडे पूना क्लबचे अठरा होलचे मैदान आहे, हेही बहुतेकांना ठाऊक असते. त्या मैदानावर पीजीटीआयच्या, म्हणजे भारतीय व्यावसायिक गोल्फपटूंच्या मालिकेतल्या स्पर्धा झाल्या आहेत. पण अशा स्पर्धेसाठी मैदान कसे तयार होते, कोण तयार करते, किती महिने आधीपासून कशाची काळजी घ्यावी लागते, हे मराठीत वाचायचे म्हटले तर हाताला काही लागत नाही.

ही पुस्तिका त्यासाठी आहे. ती माळ्यांसाठी आहे, मशीन चालवणाऱ्यांसाठी आहे, रात्री पाणी सोडणाऱ्यांसाठी आणि खुरपे घेऊन ग्रीनवर बसणाऱ्या बायांसाठी आहे. कृषी पदविका घेऊन या कामात शिरू पाहणाऱ्या मुलामुलींनी ती जरूर वाचावी. गोल्फ खेळणाऱ्यांनी वाचली तर त्यांच्या तक्रारी निम्म्या कमी होतील, असे मला वाटते. पुढची प्रकरणे कामाची आहेत, त्यांत मापे आणि वेळापत्रके आहेत. ती वाचण्याआधी या विषयाचा आवाका लक्षात यावा एवढाच या प्रस्तावनेचा हेतू.

आधी एक हिशेब मांडतो. अठरा होलच्या मैदानाची 'पार', म्हणजे अपेक्षित फटक्यांची संख्या, बहुधा ७२ असते, आणि त्यांतले ३६ फटके, प्रत्येक होलला दोन या हिशेबाने, ग्रीनवरचे, म्हणजे होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावरचे धरलेले असतात. मैदान शंभर-सव्वाशे एकरांचे असले तरी सगळ्या ग्रीन मिळून जेमतेम दोन-तीन एकर भरतात. म्हणजे खेळाचा निम्मा निकाल एवढ्याशा जमिनीवर लागतो. फेअरवे, टी, रफ, बंकर यांची निगा राखावी लागतेच, पण स्पर्धेची तयारी म्हणजे मुख्यतः ग्रीनची तयारी. म्हणून या पुस्तिकेतही ग्रीनला सर्वांत जास्त पाने दिली आहेत, आणि ते योग्यच आहे.

या ग्रीनवर जे गवत असते, ते मुळात आपली हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वा आणि उसाच्या सरीत शिरली की शेतकरी कपाळाला हात लावतो ती हरळी, दोन्ही एकच : सायनोडॉन डॅक्टिलॉन. गोल्फच्या जगात तिला बर्म्युडा ग्रास म्हणतात. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन इथल्या संशोधन केंद्रात ग्लेन बर्टन यांनी हरळीचा तिच्या आफ्रिकेतल्या एका बारीक पात्याच्या भाऊबंदाशी संकर केला. त्या कामातून १९५० आणि १९६० च्या दशकांत टिफग्रीन, टिफवे, टिफड्वार्फ या जाती पुढे आल्या. भारतातल्या उष्ण भागांतली बरीच मैदाने याच कुळातल्या गवतावर उभी आहेत. या संकरित जातींना रुजणारे बी धरत नाही. त्यांची लागवड काडीने करावी लागते, आणि एकदा लावल्यावर त्या आडव्या पसरत जातात. रानात जिचा हा पसरण्याचा गुण शाप वाटतो, तीच इथे त्या गुणामुळे उपयोगाची ठरते. पावलांनी, मशीनने, बॉलने पडलेली जखम ती स्वतः भरून काढते.

आपल्या भागातला माणूस या कामाला लागतो तेव्हा हरळीची खोड त्याला घरूनच ठाऊक असते. खराडी १९९७ साली महापालिकेत आली. त्याआधी मुळा-मुठेच्या काठचे ते शेतीचे गाव होते. खराडी, मुंढवा, मांजरी, वाघोली या पट्ट्यात हरळी आणि लव्हाळा काढण्यात पिढ्या गेल्या. लव्हाळ्याची गाठ खोल राहिली तर तो पुन्हा वर येतो, हे इथल्या बाईला कोणी शिकवावे लागत नाही. हुमणीने मुळे खाल्ली की गवताचा गालिचा हाताने उचलून येतो, हे ऊस केलेल्या माणसाच्या लगेच लक्षात येते. या ज्ञानाला मैदानावर किंमत आहे. ते कामाला येणाऱ्यांनीही ओळखावे आणि त्यांना कामावर ठेवणाऱ्यांनीही.

मात्र एका बाबतीत शेतीचा अनुभव उलटा पडतो, तो म्हणजे जमीन. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, पावसात चिकट होते, उन्हात भेगाळते. ग्रीनला नेमके हेच नको असते. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने, यूएसजीएने, १९६० साली ग्रीन बांधण्याची जी पद्धत छापली, ती पुढे जगभर प्रमाण मानली गेली : तळाला निचऱ्याचे पाइप, त्यावर सुमारे १० सेंटिमीटर खडी, त्यावर सुमारे ३० सेंटिमीटर मुख्यतः वाळूचा थर. मुळे या वाळूत वाढतात. जोराचा पाऊस झाला तरी पाणी उतरून जाते आणि पावलाखाली ग्रीन दबत नाही. वाळूचे महत्त्व याही आधी लोकांना कळले होते. स्कॉटलंडमधला एकोणिसाव्या शतकातला विख्यात ग्रीनकीपर ओल्ड टॉम मॉरिस याच्याबद्दल असे सांगतात की, त्याच्या ढकलगाडीतली वाळू चुकून ग्रीनवर सांडली आणि पुढे तिथलेच गवत सगळ्यांत चांगले वाढलेले त्याला दिसले. गोष्ट खरी असो वा रंगवलेली, ग्रीनवर वाळूचा पातळ थर देण्याचे काम आजही जगातल्या प्रत्येक चांगल्या मैदानावर चालू आहे.

आता वेळापत्रक. हे तारखेपासून मागे मोजत करायचे असते, आणि पुण्याच्या हवेत त्याला एक खास अडचण आहे. हरळीच्या संकरित जाती दिवसाचे तापमान २७ ते ३५ अंशांच्या आसपास असताना जोमाने वाढतात. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १०-१२ अंशांवर, कधी त्याखालीही उतरतो. दुपार छान असते, खेळाडू खूश असतात, आणि गवत मात्र मंदावलेले असते. या दिवसांत ग्रीनवर पडलेली जखम भरायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणून जानेवारीच्या अखेरीस स्पर्धा असेल तर तिच्यासाठीची सगळी चिरफाड पाऊस ओसरता ओसरता, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये उरकावी लागते.

चिरफाड हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. गवताचे जुने देठ, मेलेल्या मुळ्या यांचा एक स्पंजासारखा थर पृष्ठभागाखाली साठत जातो. त्याला थॅच म्हणतात. तो वाढला की बॉल पडल्यावर खड्डा पडतो, पाणी वरच राहते, रोग येतात, आणि मशीनचे चाक रुतून गवत मुळापर्यंत सोलले जाते. यावर उपाय एकच. पोकळ दात असलेल्या मशीनने सात-आठ सेंटिमीटर खोल भोके पाडायची, बाहेर आलेल्या मातीच्या गुंडाळ्या उचलायच्या, भोकांत कोरडी वाळू झाडूने आणि चटईने ओढून भरायची. त्यानंतर निदान तीन आठवडे ग्रीन खडबडीत राहते. या तीन आठवड्यांत सभासदांच्या तक्रारी येतात आणि 'यंदा भोके नकोत, पुढे बघू' असा आग्रह सुरू होतो. माझे मत स्पष्ट आहे. ऑक्टोबरची भोके जिथे टाळली जातात, तिथे जानेवारीत स्पर्धेच्या दर्जाची ग्रीन मागण्याचा हक्क कोणालाच राहत नाही. हा निर्णय समितीच्या बैठकीत मतांनी होऊ नये. मैदानाच्या प्रमुखाने तारीख सांगावी आणि क्लबने ती वर्षाच्या सुरुवातीलाच कार्यक्रमपत्रिकेत छापून टाकावी.

नोव्हेंबरपासून काम नाजूक होत जाते. उभ्या पात्यांच्या मशीनने गवतात हलके काप द्यायचे, म्हणजे आडवे पडलेले धुमारे उभे राहतात. दर दहा-पंधरा दिवसांनी वाळूचा इतका पातळ थर द्यायचा की दुसऱ्या दिवशी तो दिसूही नये. नत्र कमी करत आणायचे, कारण नत्राने गवत फोफावते आणि बॉल अडतो. पालाश पुरेसा द्यायचा, आणि रंगासाठी नत्राच्या ऐवजी फेरस सल्फेटची हलकी फवारणी घ्यायची. वाढ आवरणारी औषधेही वापरतात. त्यांचे प्रमाण आणि वेळा पाचव्या प्रकरणात नीट दिल्या आहेत, त्या तिथेच वाचाव्यात. ही औषधे अंदाजाने वापरायची नसतात.

कापणीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण पुस्तिकेतले मला सर्वांत आवडलेले प्रकरण तेच आहे. गवत कापायचे दंडगोल पात्यांचे मशीन १८३० साली इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशर परगण्यात एडविन बडिंगने केले. लोकरी कापडावरची उभी लव कापून ते गुळगुळीत करणारे यंत्र त्याने गिरणीत पाहिले होते, त्यावरून त्याला ही कल्पना सुचली. आजचे ग्रीनचे मशीन त्याच तत्त्वावर चालते. वर फिरणारी नऊ ते पंधरा पाती असतात, खाली एक स्थिर पाते, आणि दोन्हींच्या मध्ये गवत कात्रीत सापडल्यासारखे कापले जाते. स्पर्धेच्या ग्रीनवर ही कापणी सुमारे ३ मिलिमीटर उंचीवर होते. दोन रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवा, साधारण तेवढी उंची. फेअरवे १२-१३ मिलिमीटर, रफ त्याच्या तिप्पट-चौपट.

तीन मिलिमीटरवर चूक करायला जागाच नसते. शेडमध्ये मशीन उलटे टेकवून कागदाची पट्टी फिरत्या आणि स्थिर पात्यांमध्ये धरायची, हाताने दंडगोल हळूच फिरवायचा, आणि पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळीकडे सारखी, स्वच्छ कापली जाते का ते पाहायचे. एका जागी जरी कागद दुमडला किंवा चुरगळला, तर उद्या सकाळी ग्रीनवर त्याच रुंदीची एक पांढुरकी रेघ उमटणार, शेवटपर्यंत. बोथट पाते गवत कापत नाही, ओरबाडते. ओरबाडलेले टोक दुपारपर्यंत वाळते आणि सगळ्या ग्रीनला मळकट छटा येते. लांबून पाहणारा म्हणतो, खत कमी पडले. जाणकार गुडघे टेकून बसतो, एक पाते उपटून नखावर ठेवून त्याचे टोक पाहतो आणि उठून शेडकडे जातो. पात्यांना धार लावणारा आणि फटी जुळवणारा माणूस मैदानावरच्या सर्वांत महत्त्वाच्या माणसांपैकी एक असतो. ज्या क्लबने त्याला चांगला पगार देऊन टिकवले आहे, त्या क्लबची ग्रीन पाहताक्षणी कळते.

कापण्याची उंची एकदम उतरवायची नाही, हा दुसरा नियम. साडेचार मिलिमीटरवरून तीनवर यायला काही आठवडे घ्यावेत, आणि एका वेळी पात्याचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग कधीही जाऊ देऊ नये. रोज दिशा बदलावी, म्हणजे गवत एका बाजूला झोपत नाही. शेवटच्या दोन आठवड्यांत रोलर आणावा. रोलरचा गुण हा की, कापणीची उंची आणखी न उतरवताही बॉलचा वेग वाढतो. म्हणजे गवताचा जीव न घेता खेळाडूला हवे ते देता येते.

वेग मोजण्याचे साधन अगदी साधे आहे. १९३५ साली ओकमाँटच्या मैदानावर यूएस ओपन चालू असताना जीन सॅराझेनचा पट, म्हणजे ग्रीनवरचा हलका फटका, घरंगळत ग्रीनबाहेर गेलेला एडवर्ड स्टिम्पसन या खेळाडूने पाहिला आणि ग्रीनचा वेग मोजता यायला हवा असे त्याच्या मनात आले. त्याने एक खाचेची पट्टी बनवली, तिलाच स्टिम्पमीटर म्हणतात. यूएसजीएने १९७० च्या दशकात ती सुधारली आणि मैदानांना पुरवली. ३६ इंचांची पट्टी, ३० इंचांवर खाच, खाचेत बॉल. पट्टीचे एक टोक हळूहळू उचलले की सुमारे २० अंशांवर बॉल आपोआप सुटतो. तो किती फूट गेला ते मोजायचे. तीन बॉल एका दिशेने, तीन उलट दिशेने, आणि सरासरी. क्लबच्या रोजच्या खेळाला आठ-नऊ फूट भरपूर होतात. मोठ्या स्पर्धांत अकरा-बारा, कधी त्याहून जास्त.

या आकड्याने गोल्फचे जितके भले केले तितकेच नुकसानही केले, असे माझे मत आहे. दोन ग्रीन एकमेकींशी जुळतात का हे तपासायला तो उत्तम आहे. अठरा ग्रीनवरचे आकडे अर्ध्या फुटाच्या आत असले तर खेळाडूचे समाधान होते, मग तो आकडा दहा का असेना. पण आकडा वाढवणे हेच ध्येय झाले की गवत मरते. उंच-सखल ग्रीनवर बारा फुटांचा वेग आला तर होल ठेवायला सपाट जागाच उरत नाही. बॉल थांबतच नाही. २००४ साली न्यूयॉर्कजवळच्या शिनकॉक हिल्सवर यूएस ओपनच्या शेवटच्या दिवशी हे जगाने पाहिले. सातव्या होलची ग्रीन इतकी वाळली होती की चांगले फटकेही तिच्यावर टिकेनात, आणि खेळ चालू असताना खेळाडूंच्या जोड्यांमधल्या वेळात तिच्यावर पाणी मारावे लागले. त्या दिवशी एकाही खेळाडूला पारखाली खेळता आले नाही. रेटीफ गूसन जिंकला, पण चर्चा झाली ती गवताची. आपल्याकडे असा प्रसंग क्रिकेटने पाहिला आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये गहुंजेच्या मैदानावर पुण्यातली पहिली कसोटी तीन दिवसांत आटोपली, भारताचे डाव १०५ आणि १०७ धावांत संपले, आणि सामनाधिकाऱ्यांनी खेळपट्टीला 'पुअर' असा शेरा दिला. दोन्हीकडे जमीन एका टोकाला नेली गेली होती.

आणि ते टोक फार जवळ असते. डाळिंबाचा किंवा मोसंबीचा बहार धरताना बागेला ताण देतात तसाच ताण स्पर्धेच्या आठवड्यात ग्रीनला द्यायचा असतो : पाणी तोडायचे, पण झाड जगले पाहिजे. दुपारी दोनच्या सुमारास ग्रीनवरून चालत जावे आणि मागे वळून पाहावे. पावलाखाली दबलेले गवत लगेच उभे राहिले तर पाणी आहे. पावलांचे ठसे तसेच राहिले, आणि त्या जागी पात्यांचा हिरवा रंग निळसर-करडा दिसू लागला, पाती उभी मिटली, तर तिथे गवताला तहान लागली आहे. अशा वेळी सगळी ग्रीन भिजवायची नाही. हातात पाइप धरून त्या थाळीएवढ्या जागेवरच फवारा द्यायचा, तोही इतकाच की मुळांना मिळावे आणि पृष्ठभाग मऊ पडू नये. हल्ली मातीतला ओलावा टक्क्यांत सांगणारी यंत्रे मिळतात, ती घ्यावीतच. पण वाफसा हाताला कळणारा माणूस त्या यंत्राचा आकडा जितक्या लवकर समजून घेतो तितका दुसरा कोणी नाही.

स्पर्धेच्या आठवड्यातले दिवस पहाटे चारला सुरू होतात. पहिला गट सातच्या आसपास टी-ऑफ करतो, त्याआधी अठरा ग्रीन एकदा आणि कधी दोनदा कापून, रोलर फिरवून, दव झाडून तयार हव्यात. मशीनच्या दिव्यांच्या उजेडात काम चालते. बंकरची वाळू दाताळ्याने सारखी करायची, टीच्या खुणा हलवायच्या, कालच्या फटक्यांनी फेअरवेवर निघालेल्या ढलप्यांच्या जागी वाळू भरायची. ही कामे ठरलेली असतात, आणि माणसे पुरेशी असली की होतात.

होल पाडणे मात्र वेगळे. होल रोज नव्या जागी पाडतात. त्याचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर, आणि खोली निदान ४ इंच. हे माप जगभर एकच. जागा ग्रीनच्या कडेपासून साधारण चार पावले आत हवी, आणि होलभोवती दोन-तीन फूट उतार एकसारखा हवा. स्पर्धेचे अधिकारी अठरा जागा अशा वाटतात की सोप्या, मध्यम आणि अवघड यांचा तोल राहील, आणि चार दिवसांत एकाच कोपऱ्यावर सगळ्यांची पावले पडणार नाहीत. पण जागा ठरवली तरी होल पाडायचा तो मैदानावरच्या माणसाने. कटर अगदी सरळ उभा उतरला पाहिजे. तो किंचित तिरका गेला तर होलची कड एका बाजूने उचलली जाते आणि आत जाणारा बॉल त्या कडेवरून वळून बाहेर येतो. कालच्या होलात बसवलेली गवताची चकती जराही वर राहिली तर उद्याचे मशीन तिला सोलते, खाली राहिली तर तिथे बॉल उडी घेतो. चकती बसवल्यावर तळहात आडवा फिरवून जोड लागतो का ते पाहायचे असते. शंभरावर खेळाडू दिवसभर त्या वर्तुळाभोवती वावरतात, आणि लाखो रुपयांचे बक्षीस त्या कडेवर ठरते.

पाण्याबद्दल लिहिले नाही तर ही प्रस्तावना अर्धवट राहील, विशेषतः खराडीत बसून लिहिताना. या भागातल्या सोसायट्यांच्या फाटकांत टँकर उभे राहिलेले आपण वर्षानुवर्षे पाहतो. भामा आसखेडचे पाणी १ जानेवारी २०२१ पासून पुण्याच्या पूर्व भागाला मिळू लागले, तरी टँकर गेले नाहीत. अशा शहरात गवतावर पाणी उधळताना पाहून लोकांना राग येतो, आणि तो रास्त आहे. त्याला उत्तर हिशेबानेच द्यायला हवे. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर. उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर लागले आणि भिजवायचे क्षेत्र २५ हेक्टर धरले, तर दिवसाला साडेबारा लाख लिटर होतात. हे पिण्याचे पाणी असता कामा नये. महापालिकेच्या खराडीच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्राची क्षमता दिवसाला ४ कोटी लिटरची आहे. म्हणजे एका अख्ख्या मैदानाची गरज त्याच्या तीन-सव्वातीन टक्क्यांत भागते. मुंढव्याच्या जॅकवेलमधून शुद्ध केलेले पाणी शेतीच्या कालव्यात सोडण्याची योजना आपण पाहिलीच आहे. ज्या पाण्यावर शेती करता येते त्यावर गवत नक्कीच वाढवता येते. अर्थात शुद्ध केलेल्या पाण्यात क्षार असतात आणि नत्रही असते. क्षार मुळांशी साठू नयेत म्हणून मधूनमधून जास्तीचे पाणी देऊन ते खाली उतरवावे लागतात, आणि पाण्यातून आलेले नत्र खताच्या हिशेबातून वजा करावे लागते. पाण्याची तपासणी दर महिन्याला करावी, हे पुस्तिकेच्या लेखकांनी तीन ठिकाणी बजावले आहे. मीही इथे चौथ्यांदा बजावतो.

गवतावरचे संशोधनही आपल्या दारातच आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय पुण्यात आहे, मुंढवा-मांजरी रस्त्याच्या बाजूला, खराडीवरून नदी ओलांडली की लागते. तिथे फुलांबरोबर हिरवळीच्या गवतांवरही काम होते. शिवाजीनगरचे कृषी महाविद्यालय १९०७ पासून उभे आहे. मैदानांवरची माणसे आणि या संस्था यांचे येणे-जाणे वाढले, तर टिफ्टनमध्ये जन्मलेल्या जातींवरच अवलंबून न राहता, दख्खनच्या उन्हाला आणि क्षाराच्या पाण्याला टिकणारी आपल्याच हरळीची निवड इथे होऊ शकेल. त्यासाठी लागणारी हरळी नदीच्या दोन्ही काठांवर उगवते आहे.

आता माणसांविषयी. मे २०२४ मध्ये आयपीएल संपल्यावर बीसीसीआयने दहा नियमित मैदानांवरच्या कर्मचाऱ्यांना आणि क्युरेटरना प्रत्येक मैदानामागे २५ लाख रुपये जाहीर केले. त्याआधी सप्टेंबर २०२३ मध्ये कोलंबोत आशिया चषकाच्या अंतिम सामन्यानंतर मोहम्मद सिराजने सामनावीराचे आपले बक्षीस मैदानावरच्या कर्मचाऱ्यांना देऊन टाकले होते. गोल्फमध्येही हे व्हायला हवे, आणि इथे तर जास्तच, कारण क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची असते आणि गोल्फच्या ग्रीन अठरा असतात. बक्षीस समारंभात ग्रीनवर उभे राहून मैदानाच्या प्रमुखाचे आभार मानण्याची चांगली प्रथा आहे. ती पुढे न्यावी. पहाटे चारला आलेल्या सगळ्यांची नावे त्या दिवशी वाचली जावीत, बक्षिसाच्या रकमेतला ठरलेला हिस्सा त्यांना मिळावा, आणि कंत्राटावरच्या कामगाराला औषध फवारताना मास्क, हातमोजे आणि बूट मिळाल्याशिवाय पंप त्याच्या पाठीवर चढू नये. शेवटची गोष्ट कायद्यानेही बंधनकारक आहे, पण सांगावी लागते.

हे ज्ञान आजवर इंग्रजी पुस्तिकांत राहिले, आणि काम मराठी, हिंदी, कानडी बोलणाऱ्या हातांनी होत राहिले. मधला दुवा म्हणजे मुकादमाचे तोंडी सांगणे. तो माणूस निवृत्त झाला की कोणत्या ग्रीनला आधी तहान लागते, कोणत्या कोपऱ्यावर झाडाची सावली अकरापर्यंत हटत नाही, कुठल्या पावसाळ्यात कुठला पाइप तुंबला, हे सगळे त्याच्याबरोबर जाते. लेखकांनी अनेक वर्षे मैदानांवर काम करून, अशा माणसांशी बोलून हा मजकूर जमवला आहे, आणि तो रोजच्या बोलीत लिहिला आहे. मशीन, टाइन, टॉप ड्रेसिंग हे शब्द मैदानावर जसे बोलले जातात तसेच ठेवले आहेत. ते मला पटले.

पुस्तिकेच्या शेवटी चाळीस कोरी पाने आखून दिली आहेत : तारीख, किमान व कमाल तापमान, कापणीची उंची, दिलेले पाणी, खत, स्टिम्पमीटरचा आकडा आणि शेरा. वाचणाऱ्यांना माझी विनंती आहे की, ही पाने कोरी ठेवू नका. रोज संध्याकाळी, मशीन धुऊन झाल्यावर, पाच मिनिटे काढून भरा. पुस्तिकेतला एखादा आकडा तुमच्या मैदानावर खरा उतरला नाही तर तो खोडून तुमचा लिहा. आणि वर्ष संपले की ती वही पुढच्या हंगामात नव्याने कामाला लागणाऱ्या माणसाला वाचायला द्या.